सेवा सरकारची, माणसे ठेकेदाराची: सामाजिक सेवांच्या खासगीकरणाबद्दल पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याची इमारत महापालिकेची, पाटीही महापालिकेची. मग खासगीकरण झाले कुठे?

इमारत विकली तरच खासगीकरण झाले, असे पुष्कळांना वाटते. सामाजिक सेवांत विक्री क्वचितच होते. पैसा सरकारी तिजोरीतून जात राहतो आणि काम दुसऱ्याच्या हाती जाते. पुण्यात याचे पाच प्रकार रोज डोळ्यांसमोर असतात.

पहिला मनुष्यबळाचा ठेका. सफाई कामगार, सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, संगणकावर नोंदी करणारी मुले ठेकेदाराची, हजेरी मात्र महापालिकेच्या आवारात. दुसरा, सबंध सेवाच चालवायला देणे. डायलिसिस किंवा सोनोग्राफी केंद्रात जागा महापालिकेची, तंत्रज्ञ संस्थेचे आणि दर करारात ठरलेला. तिसरा प्रतिपूर्तीचा. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) दुर्बल व वंचित घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर मूल खासगी शाळेत शिकते, फी शासन भरते. चौथा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखा, उपचार खासगी रुग्णालयात आणि बिल योजनेकडे. पाचवा सर्वांत जुना: करसवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी बदल्यात गरीब रुग्णांसाठी खाटा राखायच्या.

आपले प्रकरण यांपैकी कोणते, हे आधी ठरवा. तक्रार कुठल्या टेबलावर चालेल ते त्यावरून ठरते. धर्मादाय खाटेची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागात दिली की महिनाभर तिथेच पडून राहते.

राज्यघटनेत कल्याणकारी राज्याची कल्पना आहे. मग सरकार ही कामे बाहेर देऊ शकते का?

देऊ शकते. अनुच्छेद ३८ आणि ४७ राज्यावर जबाबदारी टाकतात, काम कोणाच्या हातून करून घ्यायचे ते सांगत नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत, कचरा उचलण्यापासून प्राथमिक शाळांपर्यंत. काम ठेक्याने दिले म्हणून ते कर्तव्य ठेकेदाराच्या अंगावर जात नाही. खिडकीवर ‘तो ठेकेदाराचा विषय आहे’ असे सांगितले, तर ‘हेच लेखी द्या’ म्हणा. बहुतेक वेळा उत्तर तिथल्या तिथे बदलते.

पण ठेक्याने काम स्वस्तात तर होते ना?

कधी होते, कधी नुसते दिसते. आकडे मांडून पाहू.

समजा १०० सफाई कामगारांचा ठेका आहे आणि प्रत्येकाचे वेतन महिना २०,००० रुपये. मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याच्याशी जोडलेला विमा आणि प्रशासन शुल्क मिळून १३ टक्के. १५,००० ची वेतनमर्यादा धरली तर १,९५० रुपये. राज्य कामगार विमा ३.२५ टक्के, म्हणजे ६५० रुपये. एका माणसाचा खर्च २२,६०० झाला, शंभर जणांचा २२ लाख ६० हजार. (बोनस, रजा, गणवेश, झाडू, हातमोजे वेगळे.) यातले काहीही ठेकेदाराला कायद्याने कमी करता येत नाही. स्पर्धा होते ती फक्त त्याच्या सेवाशुल्कावर.

आता त्याने १ टक्का सेवाशुल्क भरून ठेका मिळवला. महिन्याला त्याला मिळणार २२,६०० रुपये. पण बिल दोन महिने अडकले, तर त्याचे ४५ लाख २० हजार बाहेर राहतात. त्यावर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज धरले तर महिन्याला ४५,२०० रुपये. म्हणजे दरमहा २२,६०० रुपयांचा तोटा, बरोबर एका कामगाराच्या खर्चाइतका. एक नाव फक्त हजेरीपत्रकावर ठेवले की तोटा भरून निघतो. नफा हवा असेल तर दुसरे नाव, तिसरे नाव. कागदावर शंभर आणि गल्लीत अठ्ठ्याऐंशी, असे होते ते यामुळे. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींनी शंभरांचे काम करायचे आणि रस्ता अस्वच्छ राहिला तर शिव्याही त्यांनीच खायच्या.

म्हणून निविदेत अशक्य वाटावा इतका कमी दर आला, तर पैसे वाचले म्हणून आनंद मानू नका. एवढ्या दरात माणूस कसा परवडतो, ही दरपृथक्करणाची फोड मागा. तुलना करतानाही दोन गोष्टी तपासा. कायम कामगाराचा खर्च मांडताना त्याच्या निवृत्तिवेतनासह सगळे धरलेले असते. ठेक्याच्या बाजूला देखरेखीसाठी लागणारे मुकादम, निरीक्षक आणि लेखा विभागाचा वेळ बहुधा धरलेलाच नसतो. दुसरे, महापालिकेच्या घटनादत्त कामांसाठी घेतलेल्या निव्वळ सेवेवर, म्हणजे जिच्यात मालाचा पुरवठा नाही अशा सेवेवर, जीएसटी माफ आहे. नुसत्या मनुष्यबळाच्या अशा ठेक्यात १८ टक्के लावलेले दिसले तर कारण विचारा.

परदेशात हे सुरळीत चालले आहे म्हणतात.

काही चालले, काही कोसळले. कोसळलेल्यांतून शिकण्यासारखे जास्त आहे.

ब्रिटनमध्ये वृद्धांची निवासगृहे चालवणारी सदर्न क्रॉस ही मोठी कंपनी २०११ मध्ये बुडाली. तिच्याकडे सुमारे ७५० गृहे आणि ३१,००० वृद्ध होते. गृहांच्या इमारती विकून त्याच पुन्हा भाड्याने घेतलेल्या, भाडे दरवर्षी वाढणारे, आणि स्थानिक संस्थांकडून मिळणारा दर मात्र आखडलेला. वृद्धांची सेवा वाईट होती की चांगली याच्याशी बुडण्याचा फारसा संबंध नव्हता. गृहे दुसऱ्या चालकांकडे सोपवताना त्या वयातल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे काय झाले असेल, कल्पना करा.

अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००६ च्या अखेरीस गरिबांच्या मदत योजनांचे अर्ज हाताळण्याचे काम आयबीएमच्या नेतृत्वाखालील कंपन्यांना दिले. दहा वर्षांचा, सुमारे १.३ अब्ज डॉलरचा करार. अर्जदाराला ओळखणारा कर्मचारी गेला, कॉल सेंटर आले. पाठवलेली कागदपत्रे सापडेनात आणि एखादा फोन चुकला की ‘सहकार्य केले नाही’ असा शेरा मारून मदत बंद होऊ लागली. २००९ मध्ये राज्याने करार मोडला, पुढे खटला अनेक वर्षे चालला. पुण्यात रेशन किंवा पेन्शनसाठी अंगठा जुळत नाही म्हणून रिकाम्या हाताने परतणाऱ्या आजींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षा भोगून आलेल्यांच्या देखरेखीचे काम २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर खासगी कंपन्यांना दिले, जून २०२१ मध्ये परत सरकारकडे घेतले. स्वीडनने १९९२ पासून पालकांना सरकारी पैशाने खासगी शाळा निवडू दिली. तिथल्या बऱ्याच शाळा आजही चालू आहेत, पण २०१३ मध्ये एक मोठी शाळासाखळी बुडाली आणि हजारो मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली.

मग कोणती सेवा बाहेर द्यावी, कोणती देऊ नये?

करारांच्या सिद्धांतासाठी २०१६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या दोघांपैकी ऑलिव्हर हार्ट यांचे म्हणणे इथे उपयोगी पडते. करारात सगळे कधीच लिहिता येत नाही. जे लिहिता येत नाही तिथे खर्च वाचवण्याचा मोह ठेकेदाराला होतो, कारण वाचलेला पैसा त्याचा असतो.

दारातला कचरा उचलला की नाही, हे सकाळी दहाला दिसते. बसने किती किलोमीटर कापले तेही मोजता येते. पण निवारागृहात रात्री दोनला एखादे मूल रडत उठले, तर कोण त्याच्यापाशी गेले, काय बोलले? सीसीटीव्हीत आवाज नसतो आणि तपासणीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो. बालगृह, मनोरुग्णांची देखभाल, अपंग मुलांची शाळा या सेवा कमी दराच्या निविदेने देऊ नयेत, असे आमचे ठाम मत आहे. जिथे देणे भागच आहे, तिथे निवड दरावर न करता दर आधी ठरवून गुणवत्तेवर करावी.

खासगी म्हणजे वाईटच का? ‘स्वच्छ’ तर चांगले काम करते.

करते, आणि का करते ते पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. संस्था कामगारांच्याच मालकीची. घरटी शुल्क थेट कचरावेचक ताईंच्या हाती येते आणि भंगाराच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच. मधे सेवाशुल्क खाणारा कोणी नसल्याने वर मांडलेला एका माणसाच्या तोट्याचा हिशेब इथे लागू होत नाही. शिवाय सुका कचरा चांगला वेगळा निघाला तर त्यांचेच उत्पन्न वाढते, म्हणून वर्गीकरणाचा आग्रह त्या मनापासून धरतात.

अडते ते दोन ठिकाणी. कराराची मुदत संपत आली की मुदतवाढीचा टांगता प्रश्न उभा राहतो. आणि सोसायट्या शुल्क थकवतात. दुसरी अडचण तर आपल्याच हातातली आहे, या महिन्याचे पैसे या महिन्यात द्या.

धर्मादाय रुग्णालय ‘खाट शिल्लक नाही’ सांगते. काय करायचे?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात जमा करायची आणि या दोन गटांतल्या रुग्णांच्या उपचारांवर खर्च करायची.

दाखल होताना समाजसेवा विभागात जा, बिलिंगच्या खिडकीवर नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार यांच्या दोन-दोन प्रती ठेवा. साध्या कागदावर ‘निर्धन रुग्ण म्हणून दाखल करावे’ असा अर्ज लिहून दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि सही-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर रुग्णालयाच्या ईमेलवर पाठवा. मोबाइलवरही वेळेची नोंद राहते.

‘खाट नाही’ म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या शिल्लक खाटा पाहा. तिथे खाट दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढून पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार द्या.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर कागदपत्रांसाठी थांबायचे कारण नाही. योजनेनुसार रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करायचे असते. निर्धन किंवा दुर्बल घटकातील रुग्णाकडून अशा वेळी अनामत मागता येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, रात्री अकरा वाजता कॅश काउंटरसमोर दुसरे काही आठवत नाही.

गोंधळ बहुतेक वेळा बिलात होतो. निर्धन रुग्णासाठी खाट, शुश्रूषा, निवासी डॉक्टर आणि नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत. औषधे आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीकिमतीने धरून निधीतून वळते करायचे असतात. दुर्बल घटकातील रुग्णाने औषधे व साहित्याच्या बिलाचा किमान ५० टक्के भाग भरायचा असतो. बिलात छापील किंमत लावलेली दिसली तर खरेदीकिंमत मागा. आणखी एक, उत्पन्नाचा दाखला घरात कोणी आजारी नसतानाच काढून ठेवा. रुग्ण अतिदक्षता विभागात आणि घरचा माणूस तहसील कचेरीच्या रांगेत, अशी वेळ येऊ नये.

फुले योजनेतल्या रुग्णालयात पैसे मागितले तर?

योजनेत प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डधारकांचाही त्यात समावेश झाला आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करायला नेमलेल्या माणसाला, भेटा, पूर्वमंजुरी मिळाली का ते विचारा, मग १५५३८८ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. आजार योजनेच्या यादीत आहे आणि रुग्णालयही योजनेत आहे, पण त्या आजाराच्या विभागासाठी ते रुग्णालय संलग्न नाही, असेही होते. तेवढे दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

आरटीईतून प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी सरकार शाळेला किती देते?

महाराष्ट्रात दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये, किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढी. ही रक्कम वर्षानुवर्षे थकते, अशी संस्थाचालकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. फक्त त्याचा राग मुलावर काढण्याचा अधिकार शाळेला नाही.

सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट देणारा बदल शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणे दोन: भाडेकरार नोंदणीकृत नसणे आणि नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी लावणे. कात्रज किंवा धायरीच्या आडव्यातिडव्या गल्ल्यांत खूण शंभर मीटर इकडची तिकडे झाली तरी शाळा घरापासूनच्या दुसऱ्या अंतरगटात जाते.

अंगणवाडीचा आहार ठेकेदाराकडून घेता येतो का?

सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यासाठी ठेकेदार नेमू नयेत असे सांगितले, काम महिला मंडळे आणि बचत गटांना द्यायचे. पळवाट निविदेच्या अटींतून काढली जाते. उलाढालीची अट इतकी मोठी ठेवायची की गल्लीतला बचत गट अर्जच करू शकणार नाही. महाराष्ट्रातील घरपोच आहाराच्या सुमारे ६,३०० कोटींच्या निविदा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या. कोणतीही निविदा वाचताना आधी पात्रतेच्या अटी वाचा, दराचे पान नंतर.

मी ठेकेदाराकडे काम करतो. तीन महिने पगार नाही, पीएफ कापतात पण भरत नाहीत.

प्रथम यूएएन, म्हणजे तुमचा पीएफ खात्याचा कायम क्रमांक, वापरून पीएफचे पासबुक काढा. पैसे भरले का एवढेच न पाहता कोणत्या वेतनावर भरले ते पाहा. सव्वीस दिवस काम आणि पीएफ बारा दिवसांवर, हा नेहमीचा प्रकार आहे. मग एकच अर्ज तीन ठिकाणी द्या: तुम्ही काम करता त्या विभागाचे प्रमुख, महापालिकेचा कामगार कल्याण विभाग आणि शासनाचे कामगार आयुक्त कार्यालय. पीएफसाठी गोळीबार मैदानाचे भविष्यनिर्वाह निधी कार्यालय. ज्याचे काम ठेकेदार करतो तो, म्हणजे इथे महापालिका, मूळ नियोक्ता. म्हणून अर्जात ‘मूळ नियोक्ता म्हणून आपण वेतन देऊन ठेकेदाराच्या देयकातून वसूल करावे’ असे स्पष्ट लिहा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. अर्ज एकट्याने देऊ नका, निदान दहा-पंधरा सह्या हव्यात. एकट्याला दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणे ठेकेदाराला सोपे जाते.

माहिती अधिकारात मागितले तर ‘ही खासगी कंपनीची माहिती’ म्हणतात.

खासगी संस्थेकडची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरण इतर कायद्याने मिळवू शकते, ती माहिती अधिकार कायद्याच्या व्याख्येतच येते. व्यापारी गुपिताचे कलम ८(१)(घ) पुढे केले जाते, पण सही झालेला, सरकारी पैशावर चालणारा करार लपवायला ते पुरत नाही. ठेकेदाराला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस काढली तरी निर्णय ४० दिवसांत द्यावा लागतो, एरवी ३० दिवसांत.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा लागतो, शुल्क १० रुपये. म्हणून सगळे एका अर्जात कोंबू नका. आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी अर्ज हा: एक ठिकाण, एक महिना, आणि तीन कागद. हजेरीपत्रक, त्या महिन्याचे पीएफचे चलन आणि ठेकेदाराला दिलेले देयक. तिन्हींतली माणसांची संख्या शेजारी शेजारी मांडा. कामगारांची नावे झाकली तरी चालतील, संख्या पुरे. दुसरा अर्ज वर्षभरात आकारलेल्या दंडाचा. करारात दंडाची लांबलचक यादी आणि वर्षभरात दंड शून्य, याचा अर्थ देखरेख झालेलीच नाही.

प्रती मागण्याआधी फाइल समोर बसून पाहता आली तर उत्तम. दर सोमवारी दुपारी नागरिकांना अभिलेख दाखवण्याची प्रथा पुणे महापालिकेत सुरू झाली, पुढे २०१८ मध्ये शासनाने परिपत्रक काढून ती राज्यभर नेली. जाण्याआधी विभागात विचारून घ्या. नकार मिळाला तर पाहणीचाच अर्ज करा, तो हक्क कायद्यात आहे.

दिलेली सेवा परत महापालिकेकडे घेता येते का?

येते, पण उशीर केला तर फार जड जाते. पैशापेक्षा माणसांची अडचण मोठी असते. दहा वर्षे डायलिसिस केंद्र संस्थेने चालवले की महापालिकेत पाणी शुद्धीकरणाचा संच कधी बदलायचा, किती रुग्णांमागे एक तंत्रज्ञ लागतो, हे सांगणारा कोणी उरत नाही. मग निविदेचे तांत्रिक निकषसुद्धा जुन्या ठेकेदाराला विचारून लिहिले जातात. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ९ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि लोकांचा रोष पाहून ऑक्टोबरात रद्द केला. निर्णयाला दोन महिनेही झाले नव्हते म्हणून ते जमले.

प्रत्येक करारात तीन गोष्टी असाव्यात यासाठी आग्रह धरा. नोंदी आणि रुग्णांची माहिती महापालिकेच्या मालकीची. करार संपताना निदान तीन महिने दोघांनी मिळून काम चालवण्याची अट. आणि काही केंद्रे महापालिकेने स्वतः चालवायची, म्हणजे खरा खर्च किती येतो हे माहीत असणारी माणसे घरात राहतात.

आमच्या भागातल्या ठेक्याबद्दल कधी आवाज उठवायचा?

मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी. शेवटच्या महिन्यात गेलात तर ‘आता वेळ नाही, तूर्त मुदतवाढ देऊ’ हेच ऐकावे लागते, आणि मुदतवाढ जुन्याच अटींवर मिळते. निविदेआधीच्या बैठकीची तारीख महाटेंडर्स या शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावरील निविदेत दिलेली असते, स्थायी समितीची विषयपत्रिकाही बघता येते. हे सगळे करायला हाताशी एकच तारीख लागते. जवळच्या दवाखान्यात, शाळेत किंवा आरोग्य कोठीवर जाऊन विचारा: इथला ठेका कधी संपतो? तिथल्या माणसाला माहीत नसेल, तर पहिला दहा रुपयांचा अर्ज त्याचाच करा.